कडेची पात

करंजवाडीत पाऊस चांगला झाला की गावाखालचा पाझर तलाव भरतो. माणसं बांधावर जाऊन पाणी बघून येतात, बाया गोधड्या धुऊन घेतात, म्हशी नाकापर्यंत बुडून बसतात. आणि एवढ्या आनंदात कुणीतरी हटकून म्हणतं, "झालं! औंदा पोरी हरल्या."

परक्या माणसाला हे कळायचं नाही. पण ढोकीपासून कळंबापर्यंतच्या शाळांना ते चांगलं ठाऊक आहे. करंजवाडीच्या पोरी खो-खो खेळतात त्या या तलावाच्या बुडात. तलाव बांधला बहात्तरच्या दुष्काळात, गावानंच, सरकारी सुकडी खाऊन आणि मातीच्या पाट्या वाहून. बांधला पाण्यासाठी. पण पाणी धरायचं त्याच्या फारसं मनात नव्हतं. त्यानं धरला गाळ. असा काळा, मऊ, भुसभुशीत गाळ, की पोरगी कितीही जोरानं आपटली तरी गुडघा फुटत नाही. कोरड्या सालात गावात दुसरं काही पिको न पिको, खो-खो पिकतो.

त्या बांधावर उन्हं कलली की एक बाई येऊन बसते. अंगानं काटक, रंगानं तव्यासारखी, गळ्यात चेपलेली पितळी शिटी. बसल्या जागेवरून तोंड सुरू असतं, "ए लिंबाबाईच्या, बस की नीट! कोंबडी अंड्यावर बसल्यागत काय बसलीस?" हीच शिवगंगाबाई. तिला शाळेनं नेमलेलं नाही. सासर गावातच, वरच्या आळीला. कोरडवाहू रान, दोन शेळ्या, चार नातवंडं असा सगळा बारदाना. गाव तिला खो-खोवाली म्हणतं. तिला ते पटत नाही.

"म्या खुरपणीवाली," ती म्हणते. "खो-खो मागनं आला."

आणि ते खोटं नाही.

शिवगंगा गुंडप्पाची थोरली लेक. गुंडप्पा स्वभावानं एवढा मवाळ, की बैल अडला तर त्यालाच सावलीला नेऊन बांधायचा आणि स्वतः जुवाकडं बघत बसायचा. घर चालायचं ते गजराबाईच्या जिवावर. गजराबाई गुंडप्पाची मोठी बहीण. नवरा गेला तशी माहेरी आली, आणि माहेर तिनंच उभं केलं. बहात्तरला खडी फोडायच्या कामावर तिनं बायकांची टोळी केली, ती टोळी दुष्काळ सरल्यावरही मोडली नाही. हातातला हातोडा जाऊन खुरपं आलं एवढंच. तिच्या टोळीशिवाय आसपासच्या चार शिवारांत खुरपणी होत नव्हती. घरात काही विचारायचं झालं की गुंडप्पा म्हणायचा, "तुज्या आत्याला इचार." आई गौराबाई म्हणायची, "आत्याला इचारलं का?" गोठ्यातल्या बैलाला वाचा असती तर तोही तेच म्हणाला असता.

शिवगंगा कळती झाली ती आत्याच्या मागं, पातीतच. पात म्हणजे काय, तर खुरपायला बसलेल्या बाईच्या वाट्याची ओळ. बाया रानाच्या एका अंगाला रांगेनं उकिडव्या बसतात, प्रत्येकीसमोर आपली पात, आणि सगळ्या मिळून पुढं सरकत जातात. बोलणं, हसणं, सासूचा उद्धार, सगळं चालतं. पण रांग मोडलेली चालत नाही. गजराबाईच्या टोळीचा एक कायदा होता. एखादीची पात मागं पडली, तिच्या पोटात दुखलं, काटा मोडला, की शेजारणीनं आपलं खुरपं तिच्या ओळीत घालायचं आणि तिला बरोबरीला आणायचं. सांगायची वाट बघायची नाही. "मागं पडलेलीला टाकून जी फुडं जाती तिनं उद्या घरीच बसावं," असं गजराबाई बजावायची, आणि दोघीतिघींना तिनं खरंच घरी बसवलं होतं.

आणखी एक रीत होती. रांगेत कडेची पात असते ती लेकुरवाळीची. बांधाच्या बाभळीला झोळी बांधलेली असते. लेकरू रडलं की कडेच्या बाईला उठून जाता येतं, कुणाची पात तुडवावी लागत नाही, रांगेत भोक पडत नाही. मधली बाई उठली तर तिचं गवत दोन्हीकडच्या बायांच्या उरावर. म्हणून मधलीनं उठायचं नाही. शिवगंगा बिनलग्नाची, नववीतली पोर. तिची जागा मधोमध, आत्याच्या हाताखाली. तिची शाळा सकाळच्या पाळीची असायची. ती सुटली की भाकरी खाऊन दुपारच्या पातीला बसायचं ते दिवस बुडेपर्यंत.

त्या साली, म्हणजे एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला, शाळेत गफार मास्तर आले. कळंबचे. अंगात पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि उजव्या हाताचं एक बोट कबड्डीत मोडून वाकडं बसलेलं. त्यांनी बोट दाखवून पुढं यायला सांगितलं की कुणाला सांगितलं ते पोरांना कळायचं नाही. दोघं दोघं उठायची. आल्या आल्या त्यांनी नववीच्या पोरींना उभं केलं आणि विचारलं, "बोला, काय खेळणार? पंधरा ऑगस्टला ढोकीला कारखान्याच्या मैदानात शाळाशाळांचे सामने आहेत. पोरांचा संघ जातो. या वर्षी पोरींचाही नेणार."

पोरी एकमेकींच्या मागं लपायला लागल्या. मास्तरांनी हसीनाला धरलं. हसीना म्हणजे गावातल्या बशीर पिंजाऱ्याची लेक, शिवगंगाची पाठराखीण. खुरपणीला तिच्याच शेजारी बसायची.

"हसीना, तू काय खेळणार?"

"शिवगंगा जे खेळंल ते."

"आणि शिवगंगा काय खेळणार?"

"आत्याला इचारावं लागंल," शिवगंगा म्हणाली, आणि वर्ग खिदळला.

मास्तर काही आत्यापर्यंत गेले नाहीत. त्यांनी आधी पोरींना तलावाच्या बांधावर नेऊन पळवलं. शिवगंगाचे पाय लांब, दम दांडगा. बाकीच्या पोरी सांडव्यापाशी पोचल्या नव्हत्या तोवर ही पल्याडच्या टोकाला जायला आली. मास्तर खूश. आणि तेवढ्यात ही बया थांबली. मागं वळून उभीच राहिली, हसीना धापा टाकत येईपर्यंत, आणि मग दोघी जोडीनं चालत टोकाला पोचल्या.

मास्तर पळत आले. "अगं, थांबलीस का?"

"एकटीच फुडं जाऊन काय करू मास्तर? तितं कुणीच न्हवतं."

"शर्यतीत कुणी नसतंच पुढं! म्हणून तर ती शर्यत!"

"मग मला नको," शिवगंगा म्हणाली. "येड्यागत दिसतं."

दुसऱ्या आठवड्यात कबड्डी झाली. तिथंही अंगात जोर होता. चढाईला आलेल्या पोरीचा पाय हिनं धरला की ती पोर आडवीच. पण आडवी पडली की शिवगंगा तिला लगेच हात देऊन उठवायची, आणि उठलेली पोर गपकन मधली रेघ शिवून मोकळी व्हायची. मास्तरांनी कपाळाला हात लावला. शिवगंगा म्हणाली, "पडलेलीच्या उरावर बसायचं, ह्यो कसला खेळ मास्तर? बांधाचं भांडान वाटतं."

मग मास्तरांनी तलावाच्या गाळात चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखले, पोरींना ओळीनं उकिडवं बसवलं आणि खो-खो समजावून सांगितला. एकीनं पळतीचा पाठलाग करायचा, आपल्याला जमत नसेल तर बसलेलीच्या पाठीत हात मारून 'खो' म्हणायचं, मग ती उठणार, ही तिच्या जागेवर बसणार. "एकच गोष्ट डोक्यात ठेवा," मास्तर वाकडं बोट नाचवत म्हणाले, "पाठीवर हात पडून खो ऐकल्याशिवाय उठायचं नाही. शेजारी आभाळ कोसळलं तरी नाही."

शिवगंगा बसली, आणि तिला आपल्या घरात बसल्यागत वाटलं. शेजारी हसीना, पुढं कुणी, मागं कुणी, पाठीवर हात येणार याची वाट बघायची. उकिडवं बसायची तर जन्माची सवय. बाकीच्या शाळांच्या पोरींना बसून बसून मुंग्या येतात. ही दिवसभर बसून चटकन उठणारी. त्या संध्याकाळी ती घरी आली ती तोंडभर हसत.

"ह्योच," तिनं हसीनाला सांगितलं. "ह्योच खेळायचा."

खांबाचा प्रश्न होता. खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. शाळेकडं शिटी होती आणि एक ठिगळ लावलेला चेंडू. शिवगंगानं बापाच्या कानावर घातलं.  दुसऱ्या दिवशी आपल्या आटलेल्या विहिरीवरचे मोटेचे दोन खांब गुंडप्पानं उपसले, खांद्यावर घेऊन तलावात आणून पुरले. "इहिरीत पाणी न्हाय, मोट न्हाय," तो मास्तरांना म्हणाला, "उगं कावळे बसायलेत त्येच्यावर." आणि जाताना हळूच म्हणाला, "आमच्या आक्काला मातर म्या दिले म्हणून सांगू नका."

आक्काला कळायचं ते कळलंच.

त्या साली पाऊस पेरणीपुरता आला, तण उगवण्यापुरता आला आणि मग गडप झाला. खुरपणी जोरात. शिवगंगा आणि हसीना रोज काही ना काही काढून उन्हं उतरायच्या आत सटकायच्या. शेळीला पाला, आईचं डोकं, बशीरचाचाचा जेवणाचा डबा. टोळीतल्या आणखी तीनचार पोरींना अशीच अचानक कामं लागायला लागली. गजराबाईनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी खुरपं कमरेला खोचून ती पोरींच्या मागं निघाली.

बांधावर चढून तिनं खाली बघितलं, आणि जागेवर थबकली. तलावाच्या बुडात तिच्याच टोळीतल्या पोरी ओळीनं उकिडव्या बसलेल्या. बाजूला पांढऱ्या शर्टातला गडी उभा राहून ओरडायलेला. गजराबाईला जे समजायचं ते समजलं. मास्तरांनी टोळी फोडली!

"ए मास्तर!" तिची हाळी शिवारभर गेली. "कुणाच्या रानाची खुरपणी घेतलीस रं? माज्या पोरी फोडायला लाज वाटती का न्हाय? शिकवायला आलास का मुकादमी करायला?"

पोरी दगडागत बसून राहिल्या. मास्तर "मावशी, मावशी" म्हणत बांध चढायला लागले, पण गजराबाई तोवर खाली उतरली होती. ओळीपाशी येऊन तिनं नीट बघितलं, आणि तिचा राग आणखीनच वाढला. कारण एक पोर उगवतीला तोंड करून बसलेली, तर शेजारची मावळतीला. तिसरी पुन्हा उगवतीला.

"आन ही कसली पात?" ती कडाडली. "अर्ध्या हिकडं, अर्ध्या तिकडं! अशानं एकमेकीच्या अंगावर खुरपं घालताव का? ऊठ गं हसीने, फिर! सगळ्या एका तोंडानं बसा!"

आणि एका आवाजासरशी सगळ्या पोरी फिरून एका तोंडानं बसल्या. मास्तरांनी महिनाभर घोटलेलं एका दमात गेलं.

"मावशी, ही खुरपणी नाही," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. "हा खेळ आहे. खो-खो."

गजराबाईनं गाळाकडं बघितलं. तण नव्हतं. खुरपी नव्हती. टोकाला मोटेचे खांब होते, तिच्या बापानं एकेकाळी विहिरीवर रोवलेले. ते तिनं लगेच ओळखले. "गुंड्यानं दिले व्हय," ती पुटपुटली. मग बांधाच्या उतारावर बसली, कमरेची चंची काढली, तंबाखू मळायला घेतली. "बरं. करा. बघू तर कसला खेळ हाय."

पोरींनी खेळून दाखवला. शिवगंगा त्या दिवशी वाऱ्यागत पळाली. गजराबाई चघळत बघत राहिली. शेवटी तिनं तंबाखू थुंकली आणि मास्तरांना विचारलं, "परकराचं काय? पळताना पायात यायलाय. कासोटा घालत न्हाईत का?"

मास्तर चाचरले. "गावात काही लोक म्हणायलेत, मावशी, पोरींच्या पोटऱ्या दिसतात..."

"कोण म्हणायलंय? माजं नाव सांगा त्याला. आमी जन्मभर कासोटा घालूनच खडी फोडली. तवा सुकडी खायला आमच्याच टोपल्याभवती बसायचे; तवा न्हाय दिसल्या पोटऱ्या?" मग ती शिवगंगाकडं वळली, आणि तिचा आवाज बदलला. शिवगंगाला हा आवाज माहीत होता. खडीचा.

"हे बघ. मधल्या पातीतनं तू उठून यायलीस. तुजं गवत कोण काढायलंय? बनाबाई काढायलीय, ह्या वयात. हे चालायचं न्हाय. पंधरा आगस्टपातूर म्या तुमची पात वढून घेते. ढोकीला जा. जितून आलाव, तर फुडंबी सोडीन. हरून आलाव, तर खांब काढायचे आन गुमान रांगेत बसायचं. ह्या खेळाचं नाव घरात काढायचं न्हाय."

"मावशी, पहिल्याच वर्षी जिंकायचं म्हणजे..." मास्तर म्हणाले.

"म्या बी पहिल्याच साली खडी फोडली, मास्तर. बोटं फुटली, पर खडी फुटली."

शिवगंगानं मान हलवली. त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. खेळ सापडला होता, आणि आता तो हातातून जायला एक हार पुरेशी होती.

पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या चेअरमननं ट्रॅक्टर दिला. ट्रॉलीत पोरी, मास्तर, आणि पोरींसंगट बाईमाणूस पाहिजे म्हणून गजराबाई. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचा पट्टा, हातात भाकरीचं गाठोडं. कारखान्याचा हंगाम बंद असल्यानं उसाच्या गाड्या उभ्या राहायचं मैदान मोकळं होतं. वाळलेल्या पाचटाचा आणि मळीचा वास जमिनीतून येत होता. झेंडा झाला, भाषणं झाली, गोळ्या वाटल्या. मग चिठ्ठी निघाली, आणि करंजवाडीच्या वाट्याला कळंबच्या पोरी आल्या.

कळंबच्या पोरींच्या पायात बूट होते, अंगात एकसारखे निळे सदरे, दोन दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी. आमच्या पोरी अनवाणी, परकराचे कासोटे घातलेल्या. रिबीनवाल्या हसल्या. एक म्हणाली, "या भात लावायला आल्यात का?"

"भात न्हाय, आमच्याकडं जवारी असती," हसीना म्हणाली. "बस खाली, खुरपून काढताव तुला."

सामना लागला तो शेवटपर्यंत अटीतटीचा. कळंबच्या पोरी सराईत होत्या, पण त्यांना बसून उठायला वेळ लागायचा. आमच्या पोरींच्या गुडघ्यांत जणू स्प्रिंगा होत्या. शेवटची पाळी आली तेव्हा करंजवाडीला एकच गडी मारायचा होता. मारला तर बरोबरी होऊन जादा डाव, नाहीतर घर. आणि मैदानात राहिली होती ती लाल रिबीनवालीच, भाताचं विचारणारी.

मास्तरांच्या हातात घड्याळ. वेळ संपत आलेली. गजराबाई गर्दीत पुढं पोत्यावर बसलेली, हातातली तंबाखू मळायची विसरलेली.

शिवगंगा रिबीनवालीच्या मागं होती. खांबापाशी तिला घेरून आणलं, आणि ती दुसऱ्या बाजूला निसटते असं दिसल्याबरोबर हसीनाच्या पाठीत हात मारला, "खो!" हसीना उठली. शिवगंगा तिच्या चौकोनात बसली. बस्स. आता रिबीनवाली हसीनाच्या हातातच होती, दोन ढांगांवर.

आणि हसीना पडली. पोटरीत गोळा आला, पाय आखडला, पोर तोंडावर आपटली. "या अल्ला!"

शिवगंगानं काही विचार केला नाही. खुरपणीत केला नव्हता तसाच इथं नाही. शेजारणीची पात मागं पडली होती. ती उठली, हसीनाच्या अंगावरून पुढं झाली आणि रिबीनवालीच्या पाठीत तिनं असा हात मारला की रिबीन सुटून खाली आली.

गर्दी ओरडली. शिवगंगा हात वर करून उभी राहिली. आणि पंचांची शिटी वाजली, लांब, कडू.

"खो नसताना उठली. बाद धरला जाणार नाही."

कायद्यानं पंच बरोबर होते. शिवगंगा परत बसली, हसीना लंगडत उठली, चार पावलं टाकली, आणि वेळ संपली. कळंबच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

ट्रॉली गावाकडं निघाली. हसीना आवाज न करता रडत होती. शिवगंगा तिची पोटरी दाबत होती. "गोळा गेला का?" एवढंच तिनं दोनदा विचारलं. मास्तर फळीला टेकून बसले होते. गजराबाई म्हणाली, "मास्तर, तिला शिवली व्हती ना? पाठीतच शिवली, म्या बघितलं."

"शिवली होती, मावशी. पण पाठीवर हात पडल्याशिवाय उठायचं नसतं. सांगितलं होतं मी शंभर वेळा."

"आन शेजारीण पडली तर?"

"तरी नाही. तिनंच उठायचं, तिनंच पळायचं."

"हं," गजराबाई म्हणाली, आणि गावाचं शिवार येईपर्यंत तंबाखू मळत राहिली.

घरी गुंडप्पा दारातच उभा होता. त्यानं बहिणीकडं बघितलं. "हरल्या," गजराबाई म्हणाली आणि पाय धुवायला मागं गेली. शिवगंगानं कोनाड्यातलं खुरपं काढलं आणि दगडावर धार लावत बसली. दोन्ही अंगांनी, सावकाश, पाणी टाकून टाकून. आई जेवायला बोलवायला आली तरी तिची धार चाललेलीच. गुंडप्पाला ते बघवेना. तो मागीलदारी जाऊन हळूच म्हणाला, "आक्का, खांब उद्या काढून आणू का?"

"ऱ्हाऊ दे की," आतून आवाज आला. "कुठं पळून जायलेत का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शिवगंगा आणि हसीना रानात गेल्या. बायांच्या भाकरी झाल्या होत्या, दुपारची पात लागत होती. उडदाचं रान, तणानं माजलेलं. शिवगंगा खाली मान घालून गेली आणि मधोमध, आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. हसीना तिच्या शेजारी.

"तितं नको," गजराबाई म्हणाली.

शिवगंगानं वर बघितलं.

"कडंला बस. त्या टोकाला, बांधाकडं. हसीने, तू बी तिच्या लगट."

बायांची खुरपी थांबली. कडेच्या पातीवर बसायची ती काशीबाई लेकराला पाजून नुकतीच आली होती. ती बघतच राहिली. बनाबाईला राहवलं नाही. "आवं गजराबाई, कडंची पात लेकुरवाळीची. ह्या पोरीला कुठलं लेकरू?"

"हाय की," गजराबाई आपल्या ओळीत बसत म्हणाली. "एक न्हाय, नऊ हायती. तितं तळ्यात बसवून ठिवलेत, अर्धी उगवतीला, अर्धी मावळतीला. येळंवर न्हाय गेली तर बोंब ठोकत्यात."

बाया हसल्या. काशीबाई हसत हसत एक जागा आत सरकली. बांध अजूनही तिच्या हाताच्या अंतरावर होता. शिवगंगा कडेला जाऊन बसली. तिला बोलायचं होतं, पण गजराबाईनं ते बोलूच दिलं नाही.

"उगं हरखू नको. म्या जितून या म्हणाले व्हते, तुमी हरून आलाव. ते म्या इसरले न्हाय." खुरपं सपासप चाललं होतं. "पर मागं पडलेलीला टाकून बसून ऱ्हायली असतीस, तर ढाल घिऊन आली असतीस तरी म्या तुला ह्या टोळीत बसू दिली नसती. ही माजी खोड हाय, तिकडं त्यांचा कायदा हाय. दोन्ही ध्यानात ठिवून खेळायला शिक. आन मास्तरला सांग, हसीनाच्या पायाला रोज तेल लावायचं. कायदा काय काय हाय ते मला बी येऊन सांगायला लाव. म्हंजी फुडल्या साली त्या रिबीनवालीला कायद्यानं काढता येईल."

"व्हय, आत्या."

"व्हय काय! गवत काढ."

दुपार सरली. पात पुढं पुढं गेली. बांधावरच्या बाभळीची सावली लांब होत होत काशीबाईच्या झोळीपर्यंत आली, तिच्या पलीकडं गेली. शिवगंगाला ते दिसत होतं. हसीना तिला कोपरानं ढोसत होती. तरी ती उठली नाही. खाली मान, हात चाललेला. आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

मागून पावलांचा आवाज आला. तंबाखूचा वास आला. आणि पाठीत खुरप्याच्या मुठीचा बारकासा ठोसा बसला.

या खेपेला शिवगंगा कायद्यानं उठली.